झेली कार्लिएचा लाल बैल

झेली कार्लिएबद्दल गावात कुणी चांगलं बोलत नसे, आणि तिचं त्यावाचून काही अडतही नसे. ती लोकांचे कपडे धुवायची. लाँ हे आमचं गाव डोंगरावर आणि पाणी डोंगराखाली. वर वकील, पाद्री, न्यायाधीश, त्यांच्या बायका आणि सगळ्यांच्या वर कॅथेड्रल. खाली झरे, धुण्याचा हौद आणि आर्टिचोकच्या भाजीची शेतं. वरच्यांचे मळके कपडे खाली न्यायचे आणि धुतलेले वर आणायचे, यात आमच्या बायकांच्या हयाती गेल्या. मळके कपडे हलके असतात. ओल्या कपड्यांचं वजन ज्यानं पाठीवर घेतलंय त्यालाच माहीत. डोंगरावर ट्राम सुरू झाली तरी झेली जुन्या पायवाटेनंच चढायची. का म्हणून विचारलं तर म्हणायची, "ट्रामनं माझी काय ओळख?"

अर्ध्या चढावर एक सपाट दगड आहे. तिथं ती टोपली टेकवायची आणि मान वर करायची. वर मनोऱ्यांच्या खांबांमधून बैल खाली बघत असतात. सोळा आहेत, दगडाचे. कॅथेड्रल बांधताना ज्यांनी ओझी ओढून वर नेली त्यांचे ते पुतळे. इतर गावांच्या मनोऱ्यांवर संत असतात, राजे असतात. आमच्या मनोऱ्यांवर बैल आहेत आणि याचा आम्हाला माज आहे. म्हणतात की दगड ओढता ओढता चढावर एक बैल कोसळला, तेव्हा कुठूनसा दुसरा आला, त्याच्या जागी स्वतःला जुंपून घेतलं, दगड वर पोचवला आणि नाहीसा झाला. पाद्री दरवर्षी ही गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगायचे. झेलीला त्यातलं नाहीसं होणं पटत नसे. "नाहीसा कसला होतोय," ती म्हणायची, "गेला असेल खाली, पुढचा दगड आणायला."

तिचं लग्न एकदा ठरलं होतं. आमच्याकडे मुलगी जरा हाताशी आली की तिला आंदणाच्या चादरी शिवायला बसवतात. जाड लिननच्या चादरी, आणि कोपऱ्यात लाल दोऱ्यानं, फुलीच्या टाक्यानं, तिच्या नावाची दोन अक्षरं, म्हणजे हौदावर दहा घरांचं धुणं एकत्र पडलं तरी कुणाची कुठली ते कळतं. अक्षर पुढून जसं दिसतं तसंच मागूनही दिसायला हवं. मागे गाठ सापडली तर सासू चादर उलटी करून चारचौघांत दाखवते. झेलीच्या एकाही चादरीला गाठ नव्हती. पण सासूपर्यंत प्रकरण गेलंच नाही. नवरदेव फर्दिनां, गाडीवान होता, त्यानं ऐन लग्नाच्या तोंडावर एका विधवेशी सूत जमवलं, जिची पिठाची गिरणी होती. "गिरणीशी लग्न लावलंन त्यानं," झेली म्हणाली, "बाई सोबत आली." आणि दुसऱ्या दिवशी धुण्याला गेली.

चादरी कपाटात राहिल्या. दर वसंतात ती त्या बाहेर काढायची, धुवायची, वाळवायची, घडी घालून पुन्हा लॅव्हेंडरच्या पुरचुंड्यांमध्ये ठेवायची. न वापरलेल्या चादरी दरवर्षी धुणारी बाई म्हणजे हौदावर आयतीच करमणूक.

१९१२ साली, पन्नाशीला टेकलेली असताना, तिच्या माळ्यावर एक भाडेकरू आला. एलोई ब्रेमों त्याचं नाव, पॅरिसहून आलेला, पंचविशीचा, हडकुळा, बोटांना कायम रंग लागलेला. माळ्याच्या खिडकीतून कॅथेड्रलचे मनोरे अगदी अंगावर येतात, त्यांच्यासाठीच तो आला होता. सकाळी तिच्याकडची चिकोरीची कॉफी प्यायचा आणि खिडकीशी उभा राहायचा. त्याची चित्रं छोटी छोटी होती आणि एकही त्याला पसंत नव्हतं.

त्या दिवशी हौदावर फिलोमेन फॉर्मात होती. फिलोमेन ही झेलीची शेजारीण, धुण्याच्या फळीवरही शेजारीणच. आवाज असा, की वरच्या पेठेत ऐकू जावा.

"काय गं झेले, यंदा तरी दाखवणार का त्या चादरींना नवरा?"

"दाखवते की. तुझाच पाठव. बघण्यापलीकडे त्याला काही जमत नाही, असं तूच सांगत असतेस."

सगळ्या बायका धोपाटणी टाकून हसल्या. फिलोमेनला ते झोंबलं.

"हस, हस. त्यातली एक तुझ्या कफनाला लागेल आणि बाकीच्या उंदरांना."

हसू थांबलं. हातातला टेबलक्लॉथ झेलीनं असा पिळला की तो न्यायाधीशाचा होता याची फिलोमेनला आठवण करून द्यावी लागली. त्या दिवशी चढावरच्या दगडाशी ती थांबलीही नाही. घरी पोचली तर जिन्यात एलोई डोकं धरून बसलेला.

"काय झालं? कुणी मेलं का?"

"मनोरे मावत नाहीत, झेलीबाई. मोठं कापड हवंय. पॅरिसहून मागवलं तर येईपर्यंत हा उजेड गेलेला असेल."

ती तशीच कपाटापाशी गेली. परत आली ती एक चादर घेऊन, आणि ती त्याच्या मांडीवर टाकली.

"यात मावतील?"

त्यानं घडी उलगडली. लॅव्हेंडरचा चुरा जिन्यावर सांडला. कोपऱ्यातली लाल अक्षरं बघून तो चपापला. "ही तर आंदणाची आहे!"

"मग काय झालं? चादर माझीच राहील. तू नुसती वापर."

"आणि ही अक्षरं?"

"रंग लाव त्यांच्यावर."

"नको. ती माझ्या आधीपासून आहेत," तो म्हणाला, "त्यांना राहू दे."

पलंगाच्या जुन्या पट्ट्यांची चौकट करून त्यानं चादर ताणली, सरस लावला आणि भिडला. खालचा कोपरा, तिच्या अक्षरांचा, त्यानं कोराच ठेवला. बाकी सगळ्या चादरभर मनोरे. पण कसले मनोरे! निळे, हिरवे, मधेच भाजक्या विटेच्या रंगाचे तुकडे, एकाला एक टेकलेले, एक इकडे कललेला तर दुसरा तिकडे. आभाळाचेसुद्धा तुकडे. झेली कॉफी घेऊन वर गेली आणि कप हातात धरून उभीच राहिली.

"पडताहेत," ती म्हणाली.

"पडत नाहीत, झेलीबाई. चढताहेत."

"बैल कुठायत?"

"बैल नाहीत."

"नाहीत म्हणजे? सोळा आहेत. खिडकीतून सहा दिसतात. आंधळा आहेस का?"

"या चित्रात बैल बसत नाही. इथं सगळं हलतंय. बैल जागचा हलत नाही."

"बैल हलला नसता तर तुझे मनोरे खालीच राहिले असते. मग काय रंगवलं असतंस? आर्टिचोक?"

तो हसला, पण बैल काही त्यानं काढला नाही. झेली रागावून खाली आली. दुसऱ्या दिवशी भरलेली टोपली घेऊन चढताना डोळ्यांत घाम उतरला, श्वास फुलला, तिनं सवयीनं वर बघितलं, आणि तिथंच थबकली. मनोरे हलत होते. तुकडे तुकडे होऊन, निळे-हिरवे, एकमेकांना टेकत, वर चढत होते. तीस वर्षं ती हे असंच बघत आली होती, पाठीवर ओझं असलेल्या माणसाला ते असेच दिसतात. ज्या पोरानं आयुष्यात पाण्याची बादली उचलली नव्हती, त्याला हे कुठून कळलं, याचं तिला नवल वाटत राहिलं. त्या दिवसापासून त्या चित्राला कुणी नावं ठेवलेली तिला खपेना. स्वतः मात्र ती रोज ठेवायची.

शरद ऋतूत एलोई पॅरिसला गेला. बाकीची चित्रं नेली, हे ठेवलं. "चादर तुमची आणि चित्र चादरीवर. मग ते तुमचंच झालं की." सही करायचंसुद्धा त्याला सुचलं नाही.

तिनं ते खालच्या इस्त्रीच्या खोलीत लावलं, गिऱ्हाईक दारात आलं की समोरच दिसेल असं. गाव लोटलं. आमच्या गावानं मनोरे वाकडे आहेत हे एक वेळ चालवून घेतलं असतं. पॅरिसच्या पोरांना दारू चढते, हे सगळ्यांना माहीत होतं. पण बैल नाहीत! लाँच्या कॅथेड्रलचं चित्र आणि त्यात एकही बैल नाही! म्हातारे दारात उभे राहून बोटं नाचवत बैल शोधायचे आणि शिव्या देऊन जायचे. पाद्रींनी निरोप धाडला की देवाच्या घराची ही विटंबना उतरवावी. न्यायाधीशाच्या बायकोनं आपले कपडे दुसरीकडे टाकले. फिलोमेन तर रोज विचारायची, "झेले, लग्नाच्या चादरीवर तरण्याताठ्या पोरानं काय काय केलं, ते एकदा सांग तरी."

"उतरव म्हणणाऱ्यानं स्वतः येऊन उतरवावं," झेलीनं पाद्रींना उलट निरोप दिला, "इस्त्री तापलेलीच असते."

बैल हवा हे तिलाही वाटत होतंच, गावाच्या कितीतरी आधीपासून. पण गाव ओरडत होतं म्हणून तिनं सुईला हात लावला नाही. लोकांनी करायला लावलं म्हणून केलं असं व्हायला नको होतं. आख्खा हिवाळा तिनं जाऊ दिला. लोक कंटाळले, दुसऱ्या कुणाच्या मागे लागले. मग एका रविवारी, सगळं गाव प्रार्थनेला गेलं असताना, बोटावर शिवणाचं अंगुस्तान चढवून ती चित्रासमोर बसली. सरसानं कापड कडक झालं होतं, सुई जाता जात नव्हती. कोऱ्या कोपऱ्यात, आपल्या दोन अक्षरांच्या शेजारी, लाल दोऱ्यानं, फुलीच्या टाक्यानं तिनं एक बैल काढला. अंगठ्याएवढा. मान खाली, पाय रोवलेले, तोंड मनोऱ्यांकडे. पुढून जसा तसाच मागून. शेपटीशी आली आणि लाल दोरा संपला. उद्या आणू म्हणाली आणि राहून गेलं.

१९१४च्या ऑगस्टअखेरीस आमची फौज जर्मनांपुढून मागे हटत गावातून गेली. चौकात धुळीनं माखलेले शिपाई भिंतीला टेकून झोपलेले. बायका पाव आणि पाणी वाटत होत्या. झेलीच्या दारात एक शिपाई येऊन उभा राहिला, दाढी वाढलेला, बूट फाटलेला. बोटांना रंग नव्हता म्हणून तिनं आधी ओळखलंच नाही.

"कॉफी आहे का, झेलीबाई?"

तो आत आला आणि चित्रासमोर उभा राहिला. त्याची नजर खाली कोपऱ्यात गेली. झेलीनं कंबरेवर हात ठेवले.

"ओरडायचं असेल तर ओरड. मी तो उसवणार नाही, आधीच सांगते."

एलोई गुडघ्यांवर बसला. खांदे हलले तेव्हा तिला वाटलं हा रडतोय. तो हसत होता.

"याला शेपूट नाही," तो म्हणाला.

"दोरा संपला."

त्यानं शिपायांकडे असते त्या शिवणकामाच्या पिशवीतून सुई काढली, निळा दोरा ओवला आणि झेली नको नको म्हणत असताना जीभ दातांत धरून चार टाके घातले. शेपूट वर उडालेली, वाकडी, माशी हाकलल्यासारखी. मागे त्यानं दोऱ्याला हरभऱ्याएवढी गाठ मारली.

"गाठ? अरे, मागून गाठ दिसतेय! हे काय काम झालं?"

"मागून कोण बघतंय, झेलीबाई?"

"परटीण बघते."

बिगुल वाजला. तिनं त्याच्या पिशवीत पाव आणि चीजचा तुकडा कोंबला. तो गेला. ती गाठ काढून टाके नीट घालायचे असं तिनं ठरवलं होतं. पण दोनच दिवसांत जर्मन आले आणि चार वर्षं राहिले.

त्या चार वर्षांचं आम्ही फारसं बोलत नाही. त्यांनी तांबं नेलं, गाद्यांमधली लोकर नेली, घोडे नेले. मग लिनन हवं झालं. झेलीचं कपाट दोन शिपायांनी रिकामं केलं. आंदणाच्या सगळ्या चादरी, लॅव्हेंडरसकट. ती आडवी आली तर तिला बाजूला ढकललं. जाता जाता एकाचं लक्ष भिंतीकडे गेलं. त्यानं चौकट उलटी करून कापड चाचपलं, पुन्हा सुलटी केली, चित्र बघितलं आणि सोबत्याला काहीतरी म्हणाला. दोघं हसले. ही चादर आधीच कुणीतरी वाया घालवली होती. त्यांनी ती सोडली.

हे फिलोमेननं दारातून पाहिलं होतं. त्या दिवशी ती आत आली, चित्रासमोर उभी राहिली आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "तेवढा एक बैल त्यांच्या तावडीतून वाचला बघ." त्यानंतर चित्राबद्दल ती वावगं बोलली नाही. दुसरं कुणी बोलायला लागलं तर त्याच्या अंगावर धावून जायची.

लढाई संपली. १९२०च्या वसंतात झेलीच्या दारात एक मोटार थांबली. काळ्या कपड्यांतली चाळिशीची एक बाई उतरली, आणि तिच्यामागे बुटांवर पांढरे कापडी स्पॅट चढवलेला एक गृहस्थ.

"मी ओर्तांस ब्रेमों," बाई म्हणाली. "एलोईची थोरली बहीण. आई आमची लवकर गेली. मीच वाढवलं त्याला."

"बसा. कसा आहे तो? चार वर्षं इथं टपालच नव्हतं, आणि नंतर त्यानंही..."

ओर्तांसच्या चेहऱ्याकडे बघून झेली थांबली.

"शांपान्यच्या आघाडीवर," ओर्तांस म्हणाली, "पंधरा साली. काहीच सापडलं नाही. कबरसुद्धा नाही."

झेली वळली आणि कॉफी करायला लागली, कारण काहीतरी करणं भाग होतं. पाठमोरी असतानाच तिनं डोळे पुसले. पाच वर्षं तो नव्हता, आणि पाच वर्षं आपण त्या गाठीवरून मनातल्या मनात त्याला बोल लावत होतो.

सोबतच्या गृहस्थाचं नाव दोर्वाल. पॅरिसमध्ये तो एलोईच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवत होता. जिवंतपणी ज्याला कुणी विचारलं नाही, त्याच्यासाठी आता दालन सजत होतं. दोर्वालनं भिंतीवरचं चित्र पाहिलं आणि टोपी काढली. हे मात्र झेलीला आवडलं.

"हेच. हेच त्याचं सगळ्यात मोठं काम," तो म्हणाला. "बाई, हे आम्ही दालनात मधोमध लावू. शेकडो लोक बघतील." मग तो वाकला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "हे काय? हे लाल... हा डाग?"

"तो बैल आहे."

"कुणी केला?"

"मी."

दोर्वालनं ओर्तांसकडे बघितलं. "काही हरकत नाही. उसवता येईल. कोपऱ्यात रंग नाही, इजा होणार नाही. हा प्राणी आणि ही अक्षरं काढली की..."

"हात लावून बघा," झेली म्हणाली.

"बाई, तुम्हाला कळत नाहीये. हे थोर चित्र आहे. असल्या चित्रावर कशिदा..."

"आणि ही माझी चादर आहे. माझ्या आंदणाच्या कपाटभर चादरी गेल्या, तेवढी ही राहिली. तिच्यावर माझं नाव आहे. तुमच्या थोर चित्रावर तुमच्या चित्रकाराचं नाव कुठाय? दाखवा."

दोर्वाल सही शोधत चारी कोपरे फिरला. सही नव्हतीच.

"वारसांचा हक्क असतो, बाई. कोर्टात..."

"चला कोर्टात. न्यायाधीशाच्या घरचे कपडे पुन्हा मीच धुते. त्याच्या चड्ड्यांची ठिगळं मला पाठ आहेत."

मोटार बघून गल्लीत गर्दी जमली होतीच. फिलोमेन हौदावरून तडक आली होती, हातात धोपाटणं, आणि तिच्यामागे आणखी चारपाच जणी, त्यांच्याही हातात धोपाटणी, बाह्या वर केलेल्या, कोपरांवरून पाणी गळतंय.

"काय पाहिजे गं त्याला, झेले?"

"बैल उसवायचाय म्हणे."

"कुणाचा? आपला बैल?" फिलोमेनचा आवाज आता नेहमीचा लागला. "येऊ दे बाहेर. त्यालाच धुते आज. नीळ घालून."

दोर्वाल एक पाऊल मागे सरकला. पण ओर्तांस जागची हलली नव्हती. तिनं हातमोजे काढले आणि ती झेलीच्या समोर येऊन उभी राहिली. तिच्याशी असं भांडता येत नव्हतं.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही त्याला घर दिलंत, मला ठाऊक आहे. तुमच्याबद्दल तो सांगायचा. पण माझ्याकडे त्याचं काही उरलं नाही. रडायला माती नाही. मला एवढंच हवंय, की त्याच्या हातानं जे ठेवलं ते तसंच राहावं. त्यात दुसऱ्या कुणाचा हात नको."

झेलीच्या ओठांवर आलं होतं. शेपूट बघ पोरी, ती त्याची आहे, एवढं म्हटलं असतं की झालं होतं. पण ती बोलली नाही. तिच्या बैलाला कुणाच्या शिफारशीची गरज नव्हती. ज्यानं ओढून वर नेलं तो चित्रात असणार, मग चित्रकाराला ते आवडलेलं असो वा नसो, तो जिवंत असो वा नसो. आज शेपटीचं नाव घेऊन बैल वाचवला तर उद्यापासून तो उपकारावर जगला असता. आणि सांगितलं असतं तरी खरं कोण मानणार? परटीण, अडली आणि खोटं बोलली, असंच म्हणाले असते.

"त्याच्या हातानं ठेवलं तसंच आहे ते," ती एवढंच म्हणाली. "बैल राहील. बैलासकट न्यायचं तर न्या, नाहीतर इथं बरं आहे. मला दालन नको आणि मधोमध नको."

"आणि मी उसवलं तर?" ओर्तांसचा आवाज फाटला. "मला अडवाल? त्याच्या बहिणीला?"

झेलीनं तिच्याकडे बघितलं. मग टेबलाच्या खणातून दोरे कापायची छोटी कात्री काढली आणि तिच्या हातात दिली. दारातून फिलोमेन ओरडली, "अगं, वेड लागलं का तुला?"

"तू गप गं, फिलोमेन. बाकी कुणाला मी हात लावू देणार नाही," झेली ओर्तांसला म्हणाली, "पण तू त्याला वाढवलंस. तुला उसवायचा असेल तर उसव. माझ्यासमोर, दिवसाउजेडी. आणि मी तो पुन्हा काढीन, तुझ्यासमोरच. तू पुन्हा उसवलास तर पुन्हा काढीन. मला मरेपर्यंत दुसरं काम नाही."

ओर्तांसनं चौकट भिंतीवरून उतरवली आणि टेबलावर पालथी घातली, कारण टाके उसवायचे तर मागून, म्हणजे कापडाला इजा होत नाही. एवढं शिवण शिकलेल्या कुठल्याही बाईला कळतं. मागे सगळं पुढच्यासारखंच नेटकं होतं. दोन अक्षरं, बैलाची मान, पाय, पाठ, एकही टोक सुटलेलं नाही. आणि शेवटी, निळ्या दोऱ्याची, हरभऱ्याएवढी एक गाठ.

तिनं कात्री पुढं नेली आणि थांबवली. बोटानं गाठ चाचपली. एकावर एक तीन वेढे आणि वर एक उलटा.

"ही कुणी मारली?"

झेली उजेड यायला बाजूला सरकली.

"बुटाची नाडी अशीच बांधायचा तो," ओर्तांस म्हणाली. ती झेलीशी बोलत नव्हती, कुणाशीच बोलत नव्हती. "कितीदा शिकवलं. सुटेल म्हणून भीती वाटायची त्याला. रोज संध्याकाळी मला सुरीनं कापायला लागायची. रोज एक नाडी वाया." तिनं कात्री टेबलावर ठेवली. "कधी? तो इथं कधी आला होता?"

"माघारीत. कॉफी प्यायला. जीभ दातांत धरून बसला होता, तिथं, तू उभी आहेस तिथंच. मी म्हटलं, गाठ दिसते मागून. तर म्हणाला, मागून कोण बघतंय."

ओर्तांसनं त्या गाठीवर तळहात ठेवला आणि ती पाच वर्षांचं रडली. दारातल्या बायकांनी धोपाटणी खाली घेतली. फिलोमेननं ओल्या हातानंच तिच्या पाठीवरून हात फिरवला, काळ्या रेशमावर पाण्याचे डाग पडले.

"तुम्ही आधीच का नाही सांगितलंत?" जरा शांत झाल्यावर तिनं विचारलं.

"बैल माझा आहे म्हणून," झेली म्हणाली.

बैलासकट न्यायचं ठरलं. पुढच्या वसंतात, चादरी धुण्याच्या दिवसांत परत आणून द्यायचं, ही झेलीची अट. आणि दालनात भिंतीला चिकटवून नाही लावायचं, मागून जाता येईल असं लावायचं, ही ओर्तांसची. दोर्वालनं दोन्ही अटी मान खाली घालून ऐकल्या. मग खिशातून कार्ड आणि पेन्सिल काढली, कारण चित्राखाली काही लिहायला तर हवं. "लाँचे मनोरे. चित्रकार, एलोई ब्रेमों," लिहिता लिहिता तो मोठ्यानं म्हणाला.

"पुढं लिहा," झेली म्हणाली. "चादर आणि बैल, झेली कार्लिए, परटीण, लाँ."

दोर्वालनं ओर्तांसकडे बघितलं. ती म्हणाली, "लिहा." त्यानं लिहिलं.

"आणि शेपूट?" दारातून फिलोमेन ओरडली. "शेपटीचं काय लिहिणार?"

झेलीनं ओर्तांसकडे बघितलं. तिचा हात अजून त्या गाठीवरच होता.

"त्याचं लिहायचं नाही," झेली म्हणाली. "जिला कळायचं होतं तिला कळलं."